काकूंच्या तंबूची जागा

काकूंनी पंच्याहत्तरी हॉटेलात साजरी करायला साफ नकार दिला, तिथून हे सगळं सुरू झालं.

"हॉटेलात वेटर डोक्याशी उभा राहतो आणि आपण घास केवढा घेतो ते बघत बसतो," त्या म्हणाल्या. "मला तंबूत झोपायचंय. आयुष्यात एकदाही झोपले नाही."

काकू माझ्या नात्यातल्या कोणी नव्हेत. विश्रांतवाडीत, आळंदी रस्त्यावरून थोडं आत, त्यांचं दुमजली घर आहे. नोकरीला पुण्यात आल्यावर त्या घराच्या वरच्या मजल्यावर मी चार वर्षं राहिले. कधीतरी अकोल्याची एक मुलगी तिथे राहून गेली, तिने अमरावतीच्या मैत्रिणीला सांगितलं, तिने आणखी कुणाला, आणि असं करत करत तो मजला आम्हा वऱ्हाडातल्या, नागपूरकडच्या मुलींचाच झाला. काकू एकट्या खाली राहायच्या. नऊला दार बंद. "साडेनऊला आलात तर बाहेरच्या कुत्र्याशी गप्पा मारा, तो जागा असतो," असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं. पण कुणाला ताप आला की मुगाच्या खिचडीचं पातेलं न बोलता जिन्यावर ठेवलेलं असायचं.

त्या घरातच मला ताई भेटली. ती माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी, बुलढाण्याकडची, एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करायची. मला पुण्यात उभं केलं ते तिने. ऑफिसातल्या पहिल्या आठवड्यात मी साहेबांना म्हणाले, "मी ती फाइल शोधून राहिली." शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ मान वर न करता म्हणाले, "शोधून कुठे राहिलात?" सगळे हसले. मी संध्याकाळी घरी येऊन रडले. ताईने मला गॅलरीत उभं केलं. "'शोधतेय' म्हण. दहा वेळा म्हण." मी म्हटलं. "हां. आता दार लाव आणि पाहिजे तितकं शोधून राहा. इथं कोणी नाही ऐकत." मग आम्ही दोघी हसलो.

माझ्या वडिलांना झटका आला तेव्हा तीच माझ्याबरोबर ट्रॅव्हल्सच्या गाडीत बसली, पार यवतमाळपर्यंत आली, आणि वडील अतिदक्षता विभागातून बाहेर येईपर्यंत दवाखान्याच्या बाकावर माझ्या आईचा हात धरून बसली. तिच्या ऑफिसात तिने स्वतःलाच टायफॉइड झाल्याचं कळवलं होतं. अशा माणसावर आपण विश्वास ठेवतो की नाही, असा प्रश्नच कधी मनात येत नाही.

पुढे सगळ्या पांगल्या. माझं लग्न झालं. घर धायरीत घेतलं आणि नोकरी लागली खराडीत. एक शहराच्या या टोकाला, दुसरं त्या टोकाला, त्यामुळे मी निम्मं आयुष्य बसमध्ये काढलं असं नवरा म्हणतो ते खोटं नाही. ताईच्या कंपनीने मंदीत माणसं कमी केली, त्यात ती गेली. नंतर तिने नोकरी धरली नाही. तिचे यजमान जमिनींचं काम बघायचे. त्यांना आम्ही भाऊजी म्हणायचो. हळूहळू त्यांची भरभराट झाली, गाडी आली, बाणेरला मोठं घर झालं. ताई मात्र फोनवर तशीच होती. "काय म्हणतेस पोरी," अशीच सुरुवात करायची.

आमचा फोनवर एक ग्रुप होता, 'काकूंच्या मुली'. तंबूची गोष्ट मी तिथे टाकली आणि तासाभरात वीसेक जणी येते म्हणाल्या. नवरे, मुलं धरून साठच्या वर माणसं झाली. एवढ्यांना एका ठिकाणी तंबू टाकून राहता येईल अशी जागा शोधायची जबाबदारी माझ्यावर आली. मी आनंदाने घेतली.

मग आमचे रविवार त्यातच जाऊ लागले. मी आणि नवरा मोटरसायकलवर निघायचो. पानशेतच्या पाण्याकाठी एक जागा पाहिली. इतकी सुंदर की मी तिथे बसूनच राहिले, पण रस्त्यापासून खाली उतरायची वाट नुसती घसरगुंडी होती. काकूंच्या गुडघ्यांना ती जमली नसती. दुसरीकडे तयार कॅम्प होता, रंगीत तंबू, दिवे, सगळं. तिथल्या मुलाने विचारलं, "कॉर्पोरेट ग्रुप का मॅडम? साठच्या वर असाल तर डीजे फ्री." मी म्हटलं, पंच्याहत्तर वर्षांच्या बाईंचा वाढदिवस आहे. तो म्हणाला, "चालेल ना, आजींसाठी रेन डान्स पण ठेवू." मुळशीकडे एका देवस्थानाचं मैदान मिळत होतं, पण तिथे मटण चालणार नव्हतं, आणि आमच्या माणसांना मटणाशिवाय सहल म्हणजे शाळेची सहल वाटली असती.

आणि मग भोरच्या वाटेवर आम्हाला ती जागा सापडली. भात काढून मोकळी झालेली दोन-तीन खाचरं, सपाट, कडेला मोठा आंबा, घरामागे विहीर. एक बाई अंगणात तांदूळ पाखडत होती. मी भीत भीत विचारलं.

"या की," ती म्हणाली. "जागा काय, लई हाय. पोरांस्नी हिरीकडं जाऊ द्यायचं न्हाई, एवढंच. भाकऱ्या आमी थापू. किती मान्सं?"

"साठ-पासष्ट."

"मंग जावेला बोलवती."

तिने आम्हाला कोरा चहा दिला. घरात संडास होता, स्वच्छ होता, अंगणातून सरळ चालत जाता येत होतं. परत येताना मी नवऱ्याला म्हटलं, "हीच. आता शोध बंद." घरी पोचल्या पोचल्या मी ताईला फोन केला. दुसऱ्या कुणाला करणार?

ताईने सगळं नीट ऐकून घेतलं. कोण कोण येतंय ते विचारलं. मी हौसेने सांगत गेले. नागपूरची येतेय, ती दोघं अजून भाड्याच्याच घरात आहेत, जागा बघतायत. अकोल्याची अमेरिकेतून कायमची परत आलीय. वर्ध्याची येतेय, तिच्या नवऱ्याला नुकतीच मोठी बढती मिळालीय. जुन्या मैत्रिणींबद्दल आपण बोलतो तसंच ते बोलणं होतं. मग ताई म्हणाली, "पोरी, सगळं खरं. पण काकूंना भारतीय संडासावर बसता येतं का आता?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"वेल्ह्याच्या रस्त्याला तुझ्या भाऊजींच्या ओळखीतली एक जागा आहे," ती म्हणाली. "सपाट केलेली, कुंपण घातलेली, कमोड आहे, लाइट आहे. तंबू पण तेच देतील. तुला काही करायचं नाही. तू फक्त माणसं आण."

'तू फक्त माणसं आण.' तेव्हा त्या वाक्यात मला प्रेमच ऐकू आलं होतं.

भोरच्या बाईंना मी फोन करून नको म्हणून कळवलं. त्या म्हणाल्या, "आमी तर खाचर झाडून-बिडून घेतलं हुतं. बरं. असू द्या." मी माफी मागत होते आणि त्यांनी फोन ठेवून दिला होता.

डिसेंबरातल्या एका शनिवारी आम्ही सगळे वेल्ह्याच्या रस्त्याने निघालो. काकू आमच्या भाड्याने घेतलेल्या गाडीत पुढे बसल्या होत्या, मांडीवर थर्मास. जागा मुख्य रस्ता सोडून बरीच आत होती. टेकडीचा उतार कापून तांबड्या मातीच्या पायऱ्या केल्यासारखं सपाट केलेलं, झाड जवळपास नाहीच, फक्त वरच्या अंगाला एक वड. जमिनीवर चुन्याच्या रेघा मारून चौकोन पाडले होते आणि प्रत्येक चौकोनाच्या कोपऱ्यात पांढरा रंग दिलेला दगड, त्यावर आकडा. प्रत्येक चौकोनात एक तंबू.

"हे आकडे कशाला गं?" मी ताईला विचारलं.

"तंबूंचे नंबर. पोरं हरवायला नकोत."

तिने स्वतः फिरून प्रत्येकाला तंबू दाखवले. काकूंना वडाजवळचा. नागपूरच्या कुटुंबाला कोपऱ्यावरचा मोठा, "तुम्हाला हा, इथून डोंगर दिसतो." वर्धेकरांना त्याच्या बाजूचा. मला कौतुक वाटलं, किती विचार करून केलंय हिने.

संध्याकाळ फार छान गेली, हे मला आजही नाकारता येत नाही. एका बाजूला चुलीवर मटण शिजत होतं, दुसरीकडे काकूंसाठी पिठलं-भाकरी. आम्ही सगळ्या पुन्हा 'करून राहिली', 'जाऊन राहिली' बोलायला लागलो. नवरे बिचारे एकमेकांकडे बघत होते. काकूंनी केक कापला, म्हणाल्या, "तुम्ही सगळ्या माझ्याकडे आलात तेव्हा काडीसारख्या होतात. आता बघा. भाडं वाढवायला हवं होतं." झोपायच्या वेळी आम्ही दोघींनी, मी आणि ताईने, त्यांना हाताला धरून तंबूत बसवलं. आत गेल्यावर त्या म्हणाल्या, "लावा आता झाकण." ताई इतकी हसली की तिला खालीच बसावं लागलं. मी तिच्या गळ्यात हात टाकला आणि म्हटलं, "ताई, तू नसतीस तर हे झालं नसतं."

ती हसायची थांबली. "असू दे गं," म्हणाली, आणि उठून गेली.

सकाळी चहा झाला आणि खालच्या अंगाला असलेल्या मांडवात सगळ्यांना बोलावलं. तो मांडव जेवणासाठी असेल असं आम्हाला वाटलं होतं. आत खुर्च्या मांडलेल्या, पडदा लावलेला, आणि टाय लावलेली तीन-चार मुलं हात बांधून उभी. भाऊजींनी माइक हातात घेतला.

"गुड मॉर्निंग फॅमिली! झोप कशी लागली?"

"मस्त!" पोरं ओरडली.

"मस्त लागणारच. कारण काल रात्री तुम्ही परक्या जागेवर झोपला नव्हता. आठवतोय ना आपापला नंबर? ज्या मातीवर तुमचा तंबू होता, ती माती तुमची होऊ शकते. आजच्या आज."

पडद्यावर नकाशा आला. तेच चौकोन, तेच आकडे. वर क्लबहाउस, तरण तलाव, झाडांच्या रांगा, होऊ घातलेला रुंद रस्ता. कोपऱ्यावरचा प्लॉट, डोंगर दिसणारा. मला पहिल्यांदा काही कळेचना. मग कळलं. मी ताईला शोधलं. ती मांडवाच्या खांबाला टेकून जमिनीकडे बघत उभी होती.

"आणि ही संधी तुमच्यापर्यंत आणणाऱ्या," भाऊजी म्हणाले, आणि त्यांनी माझं नाव घेतलं. "यांच्यामुळेच आज आपण इथे आहोत. जोरदार टाळ्या!"

थोड्या टाळ्या पडल्या. पासष्ट माणसं माझ्याकडे वळून बघत होती. नागपूरची माझ्या पुढच्याच खुर्चीवर होती. ती हळू आवाजात म्हणाली, "तू आम्हाले विकून राहिली का बे?"

"मला माहीत नव्हतं," मी म्हटलं.

"माहीत नव्हतं म्हणते. आमचं भाड्याचं घर आहे, आम्ही जागा बघून राहिलो, हे त्या टायवाल्या पोराले कोणी सांगितलं? सकाळी चहा घेता घेता मला विचारत होता."

सांगितलं होतं मीच. ताईला.

पहिल्या रांगेतून काकूंचा आवाज आला. "अहो, तुमची जमीन विकून झाली की पोहे मिळणार आहेत, की आधी प्लॉट घ्यावा लागतो?"

लोक हसले. भाऊजीही हसले. "पोहे लगेच, काकू!" म्हणाले आणि बोलणं पुढे चालू ठेवलं.

मी ताईला स्वयंपाकाच्या शेडमागे गाठलं. ती भांडी मोजत असल्यासारखं करत होती.

"तू मला सांगितलं का नाहीस?"

"सांगून काय झालं असतं?"

"मी नाही म्हटलं असतं!"

"म्हणूनच नाही सांगितलं." तिने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "मी कुणाच्या खिशात हात घातला का? ज्याला घ्यायचं तो घेईल, नाही तो पोहे खाऊन जाईल. फुकट राहिलात ना सगळे? तंबू, मटण, सगळं कुठून आलं वाटतं तुला?"

"काकूंचा वाढदिवस होता, ताई."

"झाला की वाढदिवस. छानच झाला." तिने हातातलं पातेलं खाली ठेवलं. "तुझी खराडीत नोकरी आहे, महिन्याला पगार येतो. मला घरी बसवलं त्या कंपनीवाल्यांनी. आम्हाला रोज माणसं शोधावी लागतात. ओळखीची माणसं नाही आणणार तर कुणाला आणणार?"

मला तिची कीव आली असती. खरं सांगते, त्या क्षणी थोडी आलीही. पण मग ती म्हणाली, "तू पण एक घे. तुझ्यासाठी भाऊजींनी रस्त्यालगतचा ठेवलाय," आणि मी तिथून निघून आले.

निम्मी माणसं पोहेसुद्धा न खाता निघाली. काही जण राहिले, प्रश्न विचारत होते, दगड बघत फिरत होते. वर्धेकरांनी बुकिंग केलं. आणि नागपूरच्या कुटुंबानेही केलं, कोपऱ्यावरचाच. ती जाताना माझ्याशी बोलली नाही.

गाडीत काकू मागे डोळे मिटून बसल्या होत्या. खडकवासल्याच्या अलीकडे नवरा हळूच म्हणाला, "पद्धत चुकीचीच आहे. पण जागा तशी वाईट नव्हती."

मी त्याच्याकडे बघितलं. त्याने नजर रस्त्यावर ठेवली. काकूंना आधी विश्रांतवाडीला सोडायचं होतं, म्हणजे सगळं शहर ओलांडायचं होतं. त्यांना दारापर्यंत सोडताना त्या म्हणाल्या, "तू मुद्दाम केलं नाहीस एवढं मला कळतं. बाकीच्यांना कळायला वेळ लागेल."

मी ग्रुपवर लांबलचक लिहिलं, मला काही ठाऊक नव्हतं म्हणून. चार जणींनी हात जोडल्याची खूण टाकली. बाकीच्यांनी काहीच टाकलं नाही. हळूहळू ग्रुपवर फक्त सणांच्या शुभेच्छा यायला लागल्या, नंतर त्याही बंद झाल्या. ताईने दोनदा फोन केला, मी उचलला नाही. तिसऱ्यांदा उचलला तेव्हा तिने आईची तब्येत विचारली. मी "बरी आहे" म्हटलं. मग आम्ही फोन ठेवला.

क्लबहाउस झालं नाही. रस्ताही झाला नाही. वर्धेकरांच्या नावावर जमीन चढायला दीड वर्ष गेलं, असं कानावर आलं, म्हणजे शेवटी चढली तरी. मला वाटत होतं, आता तरी सगळ्यांना खरं काय ते उमगेल. कोण कुणाचं निघालं, कळेल.

दोनेक वर्षांनी दिवाळीनंतर मी काकूंकडे फराळाचं घेऊन गेले. त्यांनी चकली मोडून बघितली, "मऊ झालीय," म्हणाल्या आणि खाल्ली. मग सहज विचारलं, "परवा तू का नव्हतीस?"

"परवा काय होतं?"

"अगं, सगळ्या जमल्या होत्या ना बाणेरला, तिच्या घरी. मला गाडी पाठवली होती न्यायला. नागपूरची होती, वर्ध्याची होती, ती अमेरिकेतून आलेली, सगळ्या. साग्रसंगीत जेवण होतं. मी विचारलं, ही कुठंय? तर म्हणाल्या, तुला ऑफिसातून सुटी नाही मिळाली."

ज्यांना तिने जमीन विकली त्या तिच्या घरी जेवत होत्या. आणि ज्यांना मी काहीच विकलं नव्हतं, त्यांनी मला बोलावलं नव्हतं. माझ्या नावाने एकच खोटं सगळ्यांनी मिळून ठरवलं असणार. किंवा एकीने सांगितलं असेल आणि बाकीच्या गप्प बसल्या असतील. मला आजही ठाऊक नाही. एक मात्र कळलं, की ताईचा राग धरून काही उपयोग नव्हता. तिच्याकडे देण्यासारखं घर होतं, जेवण होतं, गाडी होती. आणि सगळ्यांनाच कुणावर तरी चिडायचं होतं. त्यासाठी मी सोयीची होते.

काकू माझ्याकडे रोखून बघत होत्या. आता त्यांचं ऐकणं जरा कमी झालंय, पण बघणं तसंच आहे.

"नव्हती का मिळाली सुटी?" त्यांनी विचारलं.

खरं सांगितलं असतं तर पुढच्या वेळी त्यांनी गाडी परत पाठवली असती. तशा त्या आहेत. मग त्यांनाही कुणी बोलावलं नसतं.

"नाही हो काकू," मी म्हटलं. "नव्या सॉफ्टवेअरचा रिलीज होता."

"रविवारी?"

"रविवारीच असतो."

"कसली मेली नोकरी," काकू म्हणाल्या आणि चकलीचा डबा माझ्याकडे सरकवला. मी एक घेतली. खरंच मऊ झाली होती.